समेवर न आलेला पर्यावरणाचा तास

मंगळवारी दुपारी माझ्या पर्यावरणाच्या तासाला ध्वनिप्रदूषणाचे प्रकरण होते आणि प्लायवूडच्या भिंतीपलीकडे वृंदवादनाचा तास होता. शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा 50 डेसिबल असते, हे वाक्य मी तीन वेळा म्हटले, तिसऱ्यांदा तर चक्क ओरडून म्हटले, तरी मागच्या बाकावरून "सर, किती?" असाच प्रश्न आला. मोबाईलवरचे मापक 81 दाखवीत होते. असे मापक प्रमाणित नसते, हे मीच शिकवतो. पण रागावलेल्या माणसाला तेवढा पुरावा पुरतो. फोन घेऊन मी शेजारी गेलो.

वृंदवादनाचे शिक्षकही माझ्यासारखेच तासिका तत्त्वावर आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आकडा न्याहाळला आणि अत्यंत शांतपणे विचारले, "एक्क्याऐंशी म्हणजे कोणत्या पट्टीत?"

डेसिबलला पट्टी नसते, असे मी सांगितले.

"मग सर, तुमचे यंत्र बेसूर आहे."

आठांपैकी चार ढोलक्या बंद ठेवाव्यात, अशी मी विनंती केली. त्याने आवाज किती उतरेल, असे त्यांनी विचारले आणि येथे माझ्या प्रामाणिकपणाने माझा घात केला. डेसिबलची मोजणी लॉगॅरिदमच्या हिशेबाने चालते. त्यामुळे सारख्या आवाजाची निम्मी वाद्ये थांबवली तरी आकडा जेमतेम 3 ने उतरतो, हे मी सांगून बसलो.

"तिनासाठी चार पोरांची हजेरी बुडवू?" ते वर्गाकडे वळून म्हणाले. वर्ग हसला. त्या हसणाऱ्यांतले निम्मे त्या वेळी माझ्या हजेरीपटावर असायला हवे होते.

मग गुरुजींना कंठ फुटला. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी मैहरच्या वाद्यवृंदासाठी बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग तयार केला, ही हकीकत त्यांनी मला नळीच्या लांबीच्या अभिनयासह सांगितली आणि शेवटी म्हणाले, "पुनर्वापर तुम्ही फळ्यावर लिहिता, सर, आम्ही तो वाजवतो." हे वाक्य मला सुचायला हवे होते, याचाच मला अधिक राग आला.

तेवढ्यात झांजवाला मुलगा आलेला नाही, हे त्यांच्या लक्षात आले. पुढच्या क्षणी झांज माझ्या हातात होती. तीनतालाच्या सोळा मात्रांत मी कोठे तरी समेवर, म्हणजे पहिल्या, जोराच्या मात्रेवर, सापडेन, अशी त्यांची भाबडी अपेक्षा असावी. मी मात्र नेमका नवव्या मात्रेवर, म्हणजे जेथे 'खाली', बिनजोराची मात्रा, असते तेथेच, जीव तोडून झांज आपटली. "खालीवर एवढा जोर? सर, याला प्रदूषण म्हणतात," असे ते पस्तीस मुलांदेखत म्हणाले. खिशातला फोन तेव्हा काय दाखवीत होता, ते मी मुद्दामच पाहिले नाही.

हसण्यावारी न्यावे म्हणतो, पण जमत नाही. पर्यावरण हा सक्तीचा विषय व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितले आणि तो सक्तीचा झालाही. म्हणजे सर्वांनी घ्यायचा आणि कोणीही बसायचे नाही, असा झाला. त्याला स्वतःची खोली नाही, पूर्ण वेळचा शिक्षक नाही आणि वेळापत्रकात जेवणानंतरची, डोळे मिटायची वेळ आहे. शांतता क्षेत्राचेही तसेच: 2017 च्या दुरुस्तीपासून शासनाने जाहीर केल्याखेरीज महाविद्यालयाभोवतीची जागासुद्धा शांतता क्षेत्र ठरत नाही. वृंदवादनाला दोन क्रेडिटसाठी प्रात्यक्षिकाचे 60 तास मिळतात, तर माझ्या दोन क्रेडिटच्या तात्त्विक विषयाला 30. भिंत मात्र दोघांत एकच आहे आणि तीही प्लायवूडची.

संध्याकाळी कार्यालयात तासांच्या नोंदवहीत मी विषयाच्या रकान्यात 'ध्वनिप्रदूषण' असे लिहिले. लिपिकबाईंनी दुपारी खिडकीतून मला झांज वाजवताना पाहिले होते. त्यांनी शेजारी लाल शाईने 'प्रात्यक्षिक' असे लिहिले आणि क्रेडिटच्या नियमाप्रमाणे माझा तास अर्धा धरला.