शूजच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

मंडळी, जिमच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, "स्क्वॉट-डेडलिफ्टला जाड कुशनवाले रनिंग शूजच घाला, गुडघे वाचतात". (स्क्वॉट म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन खाली बसून उठणं, डेडलिफ्ट म्हणजे तो बार जमिनीवरून उचलणं.) मागच्या आठवड्यात न तपासता मीपण तो पुढे ढकलला होता, चूक झाली, म्हणून हे लिहितोय.

कुशन असतं ते पळताना पाय आपटतो त्यासाठी. स्क्वॉटमध्ये पाय आपटतच नाही, जमिनीवर रोवलेला असतो, आणि खांद्यावर ८०-१०० किलो आले की तो मऊ फोम दबतो, तोही एकसारखा नाही, मग टाच डुगडुगते आणि तिच्यामागे गुडघापण हलतो. मी स्वतः मोबाईलवर मागून व्हिडिओ काढून बघितला, माझी डावी टाच दर स्क्वॉटला आत कलत होती. तुम्हीपण बघा, शूजमध्ये हात घालून टाचेच्या जागी अंगठा जोरात दाबा, रुतला तर तो जोडा ट्रेडमिलला ठेवा.

डेडलिफ्टला सपाट, पातळ, कडक सोल पाहिजे, शाळेत पीटीला घालायचो तसले कॅनव्हासचे शूजपण चालतात. उंच टाच इथे नको, तुम्ही जेवढे वर जाल तेवढा बार जास्त ओढावा लागतो. वेटलिफ्टिंग शूजची टाच साधारण १५ ते २० मिमी उंच असते खरी, पण ती कडक, दबत नाही, आणि ज्यांचा घोटा कमी वाकतो त्यांना खोल स्क्वॉटला कामाची. महाग असतात, नवीन माणसाने लगेच घ्यायची गरज नाही.

तर तो मेसेज पुढे पाठवू नका प्लीज, आणि जिथे टाकलाय तिथे हा टाका.