भिंत आमची, तर चित्रही आम्हाला विचारूनच

बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लांब भिंत आहे. तिच्यावर तीन वर्षांपूर्वी कुणीतरी ठेक्याने मोर, कमळ आणि स्वच्छतेचं घोषवाक्य रंगवून गेलं, आम्हाला कुणी विचारलं नाही की सांगितलं नाही. मोर वाईट नव्हता पण आपला वाटला नाही, महिन्याभरात पुन्हा तिथेच कचरा पडायला लागला आणि पहिल्या पावसाळ्यात पोपडे निघाले.

गेल्या वर्षी फाइन आर्ट्सची काही मुलं आली, म्हणाली आम्ही रंगवू का. मी म्हटलं रंगवा, पण आधी ओटल्यावर, म्हणजे आमच्या दारापुढच्या ओट्यावर बसा. दोन रविवार बसली बिचारी, चहा पीत, सगळ्यांचं ऐकत. बऱ्याच जणांचं म्हणणं होतं देवाचे फोटो लावा, कुणी थुंकणार नाही. मी याला विरोध केला आणि आजही करतो. देवाला थुंकणाऱ्यांवर पहारा करायला उभं करायचं? ज्या देवाला घरात हात धुतल्याशिवाय आपण हात लावत नाही, त्याला गटाराजवळ टाइलमध्ये चिकटवायचं, हे मला पटतच नाही.

शेवटी ठरलं की आपल्याच गल्लीतलं काढायचं. जुना नळ आणि त्याच्यापुढची हंड्यांची रांग, उत्तरायणाला गच्चीवर मांजा धरून उभी पोरं, सायकलवर चाकू-सुऱ्यांना धार लावणारा. समोरच्या आजी रोज खुर्ची टाकून बसायच्या, एके दिवशी उठून मुलीच्या हातातल्या ब्रशकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अगं, नळावर आम्ही हिरव्या बांगड्या घालायचो, निळ्या नाही." तिने तिथल्या तिथे बदलल्या. त्या दिवसापासून आजी भिंतीजवळ कुणाला पिशवी टाकू देत नाहीत, लांबून ओरडतात!

आणि भिंतीचं कामही नीट झालं हे मुद्दाम सांगतो, कारण सगळे इथेच चुकतात. लोणा लागलेला प्लास्टर खरवडून काढला, नवीन केल्यावर चार आठवडे वाळू दिला, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि मगच रंग. खालचा फूटभर भाग नुसता गेरू, कारण पावसाचं पाणी उडून चित्र आधी तिथूनच खराब होतं. पाऊस संपल्यावरच सुरू केलं.

आपल्या बडोद्याला भिंतीवरची चित्रं काय नवीन आहेत का? तांबेकर वाड्यात जाऊन बघा, १९व्या शतकातली चित्रं, कृष्णलीला आणि महाभारत तर आहेच पण इंग्रज-मराठ्यांची लढाईसुद्धा आहे, म्हणजे त्या काळच्या लोकांनी जे जवळून ऐकलं-पाहिलं ते. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, शांतिनिकेतनचे नंदलाल बोस १९३९ ते १९४६ या काळात येऊन चार भिंती रंगवून गेले, त्यातलं गंगावतरण बघायला मी अजून अधूनमधून जातो. आणि १९०७ सालचा सयाजीराव महाराजांचा घोड्यावरचा पुतळा, त्याला आपण सगळे काळा घोडाच म्हणतो ना, "काळ्या घोड्यापाशी ये" म्हणून भेटायचं ठरवतो. लोकांनी स्वतःहून नाव ठेवलं म्हणजे ती वस्तू त्यांची झाली, असं मला वाटतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, सोसायटीत, बागेत, बसस्टॉपवर काहीही काढा, पण ज्यांच्या दारासमोर ती भिंत आहे त्यांना आधी विचारा आणि चित्र काढायच्या पैशातूनच दरवर्षीच्या डागडुजीचे थोडे बाजूला काढून ठेवा. आम्ही घरटी दोनशे रुपये काढले, त्यातले उरलेले अजून शिल्लक आहेत, यंदा कोपऱ्याला जिथे ओल आली तिथे वापरू.

आता मागच्या बाजूची भिंत घ्यायची आहे. रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या ओटल्यावर बसतोय, गल्लीचे जुने फोटो कुणाकडे असतील तर घेऊन या, विशेषतः बंद झालेल्या पिठाच्या गिरणीचा, आजींना तो हवाय.