वीजकेंद्राच्या वाफेतून ‘फुकट’ गोडे पाणी? एका संदेशाचा प्रतिवाद

मोबाइलवरून फिरणाऱ्या एका संदेशाचा आशय असा आहे : आखाती देश वीजकेंद्रात समुद्राचे पाणी उकळून त्या वाफेवर टर्बाइन फिरवतात आणि बाहेर पडलेली वाफ थंड करून तेच पाणी पितात, म्हणून तिथे विजेबरोबर पाणी फुकट मिळते. आपली डहाणू, ट्रॉम्बे, जयगड ही केंद्रेही समुद्राकाठीच आहेत. पण ती गरम पाणी समुद्रात सोडून देतात आणि मुंबई महापालिका मात्र मनोरीला वीजखाऊ आरओ प्रकल्प (दाबाने बारीक पडद्यांतून ढकलून समुद्राचे पाणी गोडे करणारा) उभारायला निघाली आहे. वीज आणि पाणी एकत्र निर्माण करणारे प्रकल्प खरोखर आहेत, एवढे यात बरोबर आहे. ते चालतात कसे, याचे वर्णन मात्र चुकले आहे, आणि ‘फुकट’ हा निष्कर्ष त्या चुकीवरच उभा आहे.

टर्बाइन फिरवणारी वाफ समुद्राच्या पाण्याची नसते. बॉयलरमध्ये खारे पाणी घातले, तर नळ्यांवर क्षारांची पुटे चढतील, पोलाद गंजेल आणि वाफेबरोबर गेलेले क्षार टर्बाइनच्या पात्यांवर बसतील. म्हणून तिथे अतिशुद्ध पाणी वापरतात आणि तेच पुन्हा पुन्हा फिरवतात. एकत्रित प्रकल्पात ही वाफ समुद्राच्या पाण्याला फक्त उष्णता देते. त्यात मिसळत नाही. नळ्यांच्या भिंतीआडून खारे पाणी 90 ते 110 अंशांपर्यंत तापवले जाते आणि मग एकापाठोपाठ एक अशा कक्षांतून सोडले जाते. प्रत्येक पुढच्या कक्षातला दाब आधीच्यापेक्षा कमी असल्याने पाण्याचा काही भाग दर वेळी क्षणात वाफ होतो. ही वाफ वरच्या नळ्यांवर थंड होऊन गोडे पाणी बनते, आणि त्या नळ्यांमधून वाहणारे, अजून तापायचे असलेले समुद्राचे पाणी तिची उष्णता घेऊन आयतेच तापते. एकच उष्णता अशी अनेकदा वापरल्यामुळे एक टन वाफेवर साधारण आठ ते दहा टन गोडे पाणी मिळते. उष्णता देऊन पाणी झालेली मूळ वाफ बॉयलरकडे परत जाते. तापमान याहून फार वाढवता येत नाही, कारण मग कॅल्शियम सल्फेटसारखे क्षार नळ्यांवर घट्ट बसू लागतात.

आता ‘वाया जाणाऱ्या’ वाफेकडे वळू, कारण संदेशाचा सगळा भार तिच्यावर आहे. फक्त विजेसाठी बांधलेल्या केंद्रात टर्बाइनमधून शेवटी बाहेर पडणारी वाफ 40 अंशांच्या आसपास असते आणि तिचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दशांशाहूनही कमी असतो. तिच्यात उष्णता पुष्कळ असते, पण ती कोमट असते; समुद्राचे पाणी 90 अंशांवर नेण्याच्या कामी ती येत नाही. त्यासाठी वातावरणाच्या दोन-तीन पट दाबाची, सुमारे 120 ते 130 अंशांची वाफ लागते, आणि अशी वाफ टर्बाइनमधून अर्ध्या वाटेवर काढून घ्यावी लागते. ती पुढे गेली असती, तर तिने आणखी वीज दिली असती. पाण्याची किंमत म्हणजे ही गमावलेली वीज.

वाचकाला पडताळून पाहता यावा, म्हणून हिशेबच मांडतो. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्यासाठी साधारण 125 किलो वाफ लागते. वातावरणाच्या दुप्पट दाबावर काढून घेतलेली ही वाफ टर्बाइनच्या शेवटापर्यंत गेली असती, तर दर किलोमागे सुमारे 400 किलोज्यूल काम मिळाले असते. म्हणजे एकूण 50,000 किलोज्यूल, अर्थात साधारण 14 युनिट वीज (एक युनिट म्हणजे 3,600 किलोज्यूल). पंपांची तीन-चार युनिटे वेगळी. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या आजच्या आरओ संयंत्राला तेवढ्याच पाण्यासाठी तीन ते चार युनिटे पुरतात. मनोरीच्या पहिल्या टप्प्याचे दिवसाला 20 कोटी लिटर पाणी संदेशातल्या मार्गाने काढायचे ठरले, तर पंप सोडूनच सुमारे 115 मेगावॅट वीज गमवावी लागेल. डहाणूचे अख्खे केंद्र 500 मेगावॅटचे आहे. आरओला त्याच पाण्यासाठी 30 मेगावॅटच्या आसपास लागतील. वीजखाऊ कोण, हे यावरून ठरवावे.

मग आखाती देशांनी हा मार्ग का धरला? स्वतंत्र बॉयलर पेटवून तीच 125 किलो वाफ तयार करायची, तर सुमारे 75 ते 80 युनिटांइतकी उष्णता द्यावी लागते. उलट 14 युनिट वीज गमावणे म्हणजे इंधनाच्या उष्णतेत मोजता 40 युनिटांच्या आतबाहेर. उष्णतेनेच पाणी गोडे करायचे असेल, तर वीजनिर्मितीशी सांगड घातल्याने इंधन जवळजवळ निम्मे वाचते. ही बचत खरी आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. शिवाय तिथले समुद्रपाणी जास्त खारे आणि उष्ण आहे, सुरुवातीच्या काळातले आरओचे पडदे त्यापुढे टिकत नसत, आणि इंधन स्वस्त होते. 2008-09 मध्ये शैवालाच्या लाल लाटेमुळे आखातातली काही आरओ संयंत्रे बंद ठेवावी लागली, तेव्हा उष्णतेवरच्या संयंत्रांचा दणकटपणाही दिसून आला.

तरीही सांगड अडचणीची ठरते. हिवाळ्यात वातानुकूलन थांबले की तिथली विजेची मागणी खूप उतरते, पाण्याची फारशी उतरत नाही. मग केवळ पाण्यासाठी इंधन जाळावे लागते. म्हणूनच सौदी अरेबियातल्या रास अल खैर येथे, सुमारे 2,400 मेगावॅट वीज आणि दिवसाला सुमारे 10 लाख घनमीटर पाणी देणाऱ्या प्रकल्पात, उष्णतेच्या संयंत्रांना आरओची जोड दिलेली आहे. अबुधाबीच्या तवीला येथे दिवसाला 9 लाख घनमीटरहून मोठा प्रकल्प उभारला, तोही आरओचाच. ज्यांचे उदाहरण संदेश देतो, ते स्वतःच त्या वाटेवरून वळले आहेत.

डहाणू किंवा जयगडच्या गरम पाण्यावरच काम भागवावे, हा मुद्दा उरतो. हा प्रयोग आपल्याकडे झाला आहे. उत्तर चेन्नईच्या औष्णिक केंद्रातून बाहेर पडणारे पाणी समुद्रापेक्षा आठ-दहा अंशांनीच गरम असते. निर्वात कक्षात तेवढ्या फरकावर पाणी गोडे करणारे संयंत्र 2009 मध्ये राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने तिथे चालवून दाखवले. क्षमता दिवसाला दीड लाख लिटर. मनोरीच्या पहिल्या टप्प्यासाठी अशी तेराशेहून अधिक संयंत्रे लागतील. कल्पक्कमला अणुवीज केंद्राच्या वाफेवर भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले संयंत्र दिवसाला 45 लाख लिटर पाणी देण्यासाठी आहे, पण तिथे टर्बाइनसाठीची वाफच वळवलेली आहे. आणि त्याच आवारात 18 लाख लिटरचा आरओ भागही आहे.

‘इतके शुद्ध पाणी थेट नळाला जोडता येते’ हे संदेशातले शेवटचे वाक्यही खरे नाही. ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ थंड करून मिळवलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे ते जलवाहिन्या कुरतडते. पुरवठ्याआधी त्यात चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिसळून खनिजे परत घालावी लागतात. असे पाणी जसेच्या तसे चालते ते यंत्रांना. संदेशात नाव आलेल्या ट्रॉम्बेतच सायरस अणुभट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर दिवसाला 30 घनमीटर पाणी देणारे एक छोटे संयंत्र चालत असे, आणि ते पाणी अणुभट्टीच्याच कामाला येई.