ऑटोमेशन रखडतं ते पंपमालकांमुळेच?

"पेट्रोल पंपांवर ऑटोमेशन लावा, मापात मारणं एका दिवसात बंद होईल. पण पंपमालकांनाच ते नको आहे." मुंबईतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरणाऱ्या या मजकुरातलं एकेक विधान तपासू. ऑटोमेशन म्हणजे नोझलवरची विक्री आणि टाकीतला साठा आपोआप नोंदवणारी यंत्रणा.

"मालकांनाच नको आहे." सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर टाक्या आणि डिस्पेन्सर (पेट्रोल भरायची यंत्रं) सहसा कंपनीचे असतात. कंट्रोलर (या नोंदी गोळा करणारं यंत्र) कोणता घ्यायचा हे कंपनीच्या निविदेत ठरतं, डीलरकडे, म्हणजे पंपमालकाकडे, नाही.

"एका दिवसात." पेट्रोलच्या वाफेच्या क्षेत्रात फ्लेमप्रूफ (आतली आग बाहेर पसरू न देणाऱ्या) किंवा तशाच सुरक्षित जोडण्याच चालतात. काम करताना पल्सरचं (वाहिलेल्या पेट्रोलनुसार विद्युत पल्स देणाऱ्या भागाचं) सील तुटलं, तर वैधमापन खात्याकडून पुन्हा पडताळणी होईपर्यंत नोझल बंद. शिवाय डिस्पेन्सरच्या कंपनीगणिक प्रोटोकॉल (कंट्रोलरशी बोलायची भाषा) वेगळा.

"मापात मारणं बंद होईल." सगळ्यात दिशाभूल करणारं विधान हेच. कंट्रोलर लिटर मोजत नाही, पल्सरचे पल्स मोजतो. 2017 मध्ये ठाणे पोलिसांच्या छाप्यांत सापडल्या तशा चिप पल्सच वाढवतात, म्हणजे कंट्रोलरलाही तोच खोटा आकडा मिळतो. चोरी उघडी पडते ती टाकीतल्या प्रोबशी (पातळी मोजणाऱ्या दांडीशी) ताळा केल्यावर: विक्री 1000 लिटर, टाकीतली घट मात्र 970.

आणि हा ताळा बसवणं हेच खरं अवघड काम. टाकी किंचित कललेली असेल तर कॅलिब्रेशन चार्ट (पातळीवरून लिटर काढायचा तक्ता) चुकतो. पेट्रोल थंड होताना दर अंश सेल्सिअसला साधारण 0.12 टक्के आकसतं. 12,000 लिटरचा टँकर माहुलच्या तेल डेपोतून उन्हात आला आणि माल जमिनीखाली 5 अंशांनी थंड झाला, की 72 लिटर कमी दिसतात. तापमानाची दुरुस्ती केली नाही तर प्रामाणिक पंपही चोर ठरतो. रोज खोटे अलार्म वाजले की कर्मचारी ते बंद करतात, आणि यंत्रणा नुसती भिंतीवर उरते.

पावसाळ्यात मॅनहोलमधून पाणी झिरपतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ते आधी इथेनॉलमध्ये विरघळतं, नंतर तळाशी थर धरतं. तो थर निव्वळ पाण्यापेक्षा हलका, त्यामुळे जुना वॉटर फ्लोट (तळाशी पाणी आहे हे दाखवणारा तरंगता भाग) उचललाच जात नाही. फ्लोट बदलावाच लागतो. डिपरॉडला (टाकीत बुडवून पातळी पाहायच्या काठीला) लावायची, पाणी ओळखणारी पेस्टही.

मापाची शंका असेल तर पंपावरचं मुद्रांकित (वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं) 5 लिटरचं माप मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. माप आधी पेट्रोलने ओलं करून निथळून घ्यायला लावा, मग भरून मानेवरची खूण वाचा. 25 मिलिलिटरपर्यंतची तूट मर्यादेत बसते. त्याहून जास्त आली तर वैधमापन खात्याकडे तक्रार करा.