‘गावठी कोंबडीला लस कशाला?’ या मेसेजला उत्तर

शेतकऱ्यांच्या आणि बचत गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: गावठी कोंबडी मुळातच काटक, तिला रोग होत नाहीत. झालाच तर हळद, लसूण आणि कडुनिंबाचा काढा पुरतो. लस हे कंपन्यांचं खूळ, तिचं रसायन अंड्यात उतरतं. विकतचं खाद्य विष. घरचं खरकटं आणि उकिरडा बस्स. बॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात. खुराड्यात राख टाकली की गोचीड जाते. कोंबडी मलूल दिसली तर वेळेत कापा नाहीतर विका. आणि शेवटी सवाल: आपल्या आजीने कधी लस टोचली होती का?

आजीपासूनच सुरू करू, कारण मेसेजचा सगळा जोर तिच्यावर आहे. आजीने लस टोचली नव्हती, खरं. पण आजीच्या कोंबड्यांचं काय व्हायचं, हे कुठल्याही गावात जुन्या बायकांना विचारा. ‘मर आली’ हा शब्द त्यांच्या तोंडात आपसूक येतो. आदल्या दिवशी अंगणात फिरणारी तलंग दुसऱ्या दिवशी मान वाकडी करून गोल गोल फिरायची, हिरवट-पांढरं हगायची, तोंड उघडून श्वास घ्यायची, आणि आठ दिवसांत आख्ख्या आळीची डालगी रिकामी व्हायची. मग कुणीतरी माहेरहून एक खुडूक कोंबडी आणायची, तिच्याखाली अंडी ठेवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. यात पैसे गेलेले नसत म्हणून कुणी हिशेब ठेवला नाही, आणि हिशेब नाही म्हणून आज लोकांना वाटतं की नुकसानच नव्हतं.

या रोगाला आपण मानमोडी म्हणतो, सरकारी कागदावर तो राणीखेत. उत्तराखंडातल्या रानीखेतवरून हे नाव पडलं. भारतात तो ओळखला गेला 1920च्या दशकाच्या अखेरीस. ते साल नीट बघा. तेव्हा देशात बॉयलर नव्हता, पिंजऱ्यातली लेअर नव्हती, औषध कंपन्यांचे एजंट गावोगाव फिरत नव्हते. होत्या त्या जवळपास सगळ्या देशी कोंबड्याच, आणि मेल्या त्याही त्याच. विषाणूचा प्रकार जहाल असेल तर लस न दिलेल्या कळपातल्या दहापैकी नऊ कोंबड्यासुद्धा जाऊ शकतात. गावठी कोंबडी काटक असते ती उन्हाला, कमी खाण्याला, घारीपासून पळायला. विषाणू तिचं गाव विचारत नाही.

‘आम्ही फक्त काढा देतो, आमच्याकडे कधी काही झालं नाही’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. त्यांच्या परड्यात विषाणू अजून आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. रोग आला नाही आणि रोग टळला, यातला फरक शेजारच्या वाडीत मर आल्यावर कळतो. साथीतही काही पक्षी वाचतातच. त्यांना काढा पाजलेला असेल तर श्रेय काढ्याला मिळतं, मेलेल्यांनाही तोच पाजला होता हे कुणी धरत नाही. हळद-लसूण खाद्यात थोडं घातल्याने बिघडत नाही, खुशाल घाला. लसीच्या जागी मात्र ते चालत नाही.

आता लसीतलं ‘रसायन’. लासोटा ही मानमोडीची लस म्हणजे त्याच विषाणूचा सौम्य, जिवंत प्रकार. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, महिनाभराचं झालं की पुन्हा, आणि आठ आठवड्यांच्या पुढे आर-टू-बी ही लस टोचून. अंड्यात उतरेल आणि आपल्याला बाधेल असं त्यात काही नाही. ‘कंपन्यांचं खूळ’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की पुण्यात औंधला राज्य सरकारची पशुवैद्यकीय लस बनवणारी संस्था आहे आणि कोंबड्यांच्या लशी तिथेही बनतात.

अंश उतरण्याची भीती खरी आहे ती प्रतिजैविकांबाबत. ती दिल्यावर ठरलेले दिवस अंडी आणि मांस खायचं नसतं, आणि ते पाळलं जात नाही ही तक्रार रास्तच आहे. कोलिस्टिनसारखं माणसासाठी शेवटचा आधार असलेलं औषध खाद्याच्या जनावरांना द्यायला केंद्राने 2019मध्ये बंदी घातली ती याच काळजीपोटी. पण लस दिली तर प्रतिजैविकं कमी लागतात. मेसेजने हे नेमकं उलटं करून ठेवलंय.

लस दिली तरी कोंबड्या मेल्या, असंही लोक सांगतात, आणि तिथे बहुतेक वेळा गोम वेगळीच असते. कुपी 2 ते 8 अंश तापमानात राहावी लागते. ती शर्टाच्या खिशातून, एसटीने, दुपारच्या उन्हात आली की संपली. पाण्यातून द्यायची तर ग्रामपंचायतीच्या नळाचं टीसीएल (जंतू मारणारी क्लोरिनची पावडर) घातलेलं पाणी चालत नाही, जिवंत लस त्यात मरते. विहिरीचं घ्या आणि त्यातही टीसीएल टाकलेलं नाही ना, हे आधी विचारा. शिवाय एका कुपीत साधारण शंभर डोस असतात आणि कालवल्यावर दीड-दोन तासांत संपवावे लागतात. ज्याच्याकडे दहा कोंबड्या आहेत तो म्हणतो, एवढ्यासाठी कुपी कुठे फोडू? तर वाडीतल्या घरांनी एक दिवस ठरवून, बर्फाच्या थर्मासात कुपी आणून, कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आत भल्या सकाळी उरकून घ्यावं. खर्च घरटी चहापाण्याएवढा येतो.

खाद्याचा मुद्दा मात्र नुसता झटकून टाकण्यासारखा नाही. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गांडुळं, वाळवी, कोवळा पाला खाते आणि त्यातून तिला उत्तम प्रथिनं मिळतात. नैसर्गिक संगोपनाचा गाभा तोच. पण आजीच्या परड्यात गोठा होता, शेणाचा उकिरडा होता, खळ्यावर सांडलेलं धान्य होतं. आताच्या अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. तिथे ‘कोंबडी स्वतःचं पोट भरते’ म्हणणं म्हणजे तिला उपाशी ठेवणं. अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं लागतात, लहान पिल्लांना 20च्या आसपास. तांदळाची कणी किंवा ज्वारीची भरड यात ती 8 ते 10 टक्के. तूट किड्यांनी भरली नाही तर पेंड, सुकटीचा चुरा किंवा विकतचं खाद्य यांनी भरावी लागते. ॲझोला (पाण्यावर वाढणारी बारीक हिरवी वनस्पती) चांगला, पण त्याचंही फार स्तोम माजवलंय: ओल्या किलोभर ॲझोल्यात 900 ग्रॅमहून जास्त पाणीच असतं, प्रथिनं निघतात जेमतेम 15 ग्रॅम. तोंडी लावायला ठीक.

कॅल्शियमचं गणित तर कुणी करतच नाही. 45 ग्रॅमच्या गावठी अंड्याचं कवच साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दीड ग्रॅमहून जास्त कॅल्शियम. शंभर ग्रॅम ज्वारीत ते 30 मिलिग्रॅमच्या आत असतं, नाचणीतही साडेतीनशेच्या घरात. उरलेलं कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. मग पातळ कवचाची अंडी, लंगडणं, आणि ‘नजर लागली’. किनाऱ्याकडच्या लोकांना तिसऱ्यांची शिंपलं फुकट मिळतात. नसतील तर अंड्यांची कवचं तव्यावर भाजून बारीक चुरायची (आख्खी टाकलीत तर अंडी फोडून खायची खोड लागते) आणि वेगळ्या करवंटीत ठेवायची. कोंबडी आपल्या गरजेपुरतं बरोबर टिपते.

खरकट्यात मीठ फार असतं. लोणचं, फरसाण, खारट सुकं घालूच नका. त्याहून वाईट सवय म्हणजे बुरशी लागलेलं धान्य ‘टाकवत नाही’ म्हणून कोंबड्यांना घालणं. 1960मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अशाच बुरशीच्या शेंगदाणा पेंडीने मेले आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. कोंबडी टर्कीइतकी पटकन मरत नाही, पण तिचं यकृत बिघडतं, प्रतिकारशक्ती घसरते आणि दिलेली लसही नीट लागू पडत नाही. पावसाळ्यात काळा पडलेला मका खतात जाऊ दे.

हार्मोनच्या इंजेक्शनांबद्दल दोनच वाक्यं. हजारो पक्ष्यांना एकेक करून पुन्हा पुन्हा टोचणं कुठल्याच शेडला परवडणार नाही. बॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातो तो पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. बॉयलर आवडत नसेल तर खाऊ नका, त्यासाठी खोटं कारण लागत नाही.

राख आता. कोंबडी धुळीत लोळते ती उवा झाडायला, आणि त्या खड्ड्यात चुलीची चाळलेली राख मिसळली की काम सोपं होतं. अंड्यांवर बसवताना खाली निर्गुडीचा पाला घालण्याची रीतही चांगली. पण गोचीड आणि लाल किडे दिवसा पक्ष्याच्या अंगावर नसतात, फटीत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. रात्री बॅटरी घेऊन जा, कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर लाल ठिपके उठले तर राखेने भागणार नाही. फटींत उकळतं पाणी ओता, वाळल्यावर चुना मारा. खाली भाताचं तूस घाला आणि ते कोरडं ठेवा. पिल्लांची रक्ती हगवण ओल्या तुसातच वाढते, आणि तिथे कोरडेपणाइतका चांगला नैसर्गिक उपाय दुसरा नाही. हगवणीत रक्त दिसायला लागलं मात्र, की डॉक्टरकडे जायचं.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य ‘मलूल दिसली तर विका’ हे आहे. मर गावोगाव जाते ती अशीच, आठवडी बाजारातल्या डालग्यातून. तिथून जत्रेसाठी कोंबडा घेणारा ती आपल्या घरी नेतो. मलूल पक्षी वेगळा करा, त्याची भांडी वेगळी, त्याचं सगळ्यात शेवटी करा आणि हात धुवा. एकापाठोपाठ दोन-तीन पक्षी गेले तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लूची लक्षणंही पहिल्यांदा अशीच दिसतात, म्हणून असे पक्षी कापू नका, खाऊ नका. मेलेले ओढ्यात फेकू नका, कुत्र्यांनी उकरू नये इतक्या खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. आणि बाजारातून आणलेली नवी कोंबडी, कितीही धडधाकट दिसली तरी, दोन आठवडे बाकीच्यांत सोडू नका.