रस्टमधील पार्सिंग आणि ‘फुकटचा सोपस्कार’: एक प्रतिवाद

मजकुराच्या फाइलमधून माहिती काढायची, म्हणजेच पार्सिंग करायचे असेल, तर रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या नादी लागू नये, असा सल्ला प्रोग्रामरांच्या गटांतून वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा: पायथन या भाषेत पाच ओळींत होणाऱ्या कामाला रस्टमध्ये पन्नास ओळी लागतात, वाढीव ओळी एरर हाताळण्याच्या सोपस्कारातच जातात, खराब ओळी क्वचितच येत असल्याने जाणते लोकही अनरॅप (यश गृहीत धरून मूल्य काढणारी आणि एरर आल्यास प्रोग्राम तिथेच थांबवणारी आज्ञा) लिहून मोकळे होतात, आणि ज्याला अनरॅप नको असेल त्याने खराब ओळ गाळून पुढे जावे. यातल्या पहिल्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, उरलेले तिन्ही मला घातक वाटतात.

बोलणे हवेत राहू नये म्हणून दूध संकलन केंद्रावरची एक फाइल डोळ्यांसमोर ठेवू. प्रत्येक ओळीत स्वल्पविरामाने वेगळी केलेली चार मूल्ये आहेत: सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले उरलेले घन पदार्थ). याच ओळींवरून सभासदाचे दहा दिवसांचे बिल निघते.

आधी ओळींच्या संख्येविषयी. रस्टच्या अगदी सुरुवातीच्या काळात ही तक्रार रास्त होती. परंतु नोव्हेंबर २०१६ मध्ये, १.१३ या आवृत्तीत, प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर आला आणि ‘यश मिळाले तर मूल्य घे, नाहीतर एरर घेऊन इथूनच परत जा’ ही सगळी शाखा एका चिन्हात मावू लागली. आपल्या स्ट्रक्टसाठी (एका ओळीतली मूल्ये एकत्र ठेवणाऱ्या रचनेसाठी) फ्रॉमस्ट्र हा ट्रेट, म्हणजे मजकुरातून ती रचना कशी बनवायची हे सांगणारा करार, एकदा लिहिला की कोणत्याही ओळीवर पार्स म्हणून भागते. स्वतःच्या एररचा इनम (शक्य प्रकारांची यादी), त्याचा संदेश आणि इतर एररमधून होणारे रूपांतर हे सगळे हाताने लिहायला बसले तर मजकूर वाढतो, हे मान्य. थिसएरर हे क्रेट (तयार कोडचे पॅकेज) घेतले की तोही प्रत्येक प्रकारामागे एखाद-दोन ओळींवर येतो.

दुसरा मुद्दा, म्हणजे हे सारे सोपस्कार असल्याचा दावा, जास्त सावकाश तपासायला हवा, कारण ‘आकडा वाचणे’ हे काम वाटते तितके एकसंध नाही. सभासद क्रमांकाच्या आधी एखादी मोकळी जागा राहिली तर पायथनचे इंट (मजकुराचा पूर्णांक करणारे फंक्शन) ती निमूटपणे सोडून देते. रस्टचे पार्स मात्र एरर देते, आणि आधी ट्रिम करायचे (कडेच्या मोकळ्या जागा काढायच्या) की नाही हा निर्णय तुमच्याकडे सोपवते. कोणी क्रमांक देवनागरी अंकांत टाइप केला तर पायथन तो स्वीकारते, रस्टची पूर्णांकांची पार्सिंग तो नाकारते. विशेष म्हणजे रस्टमध्ये त्याच देवनागरी अंकाला ‘हे अक्षर संख्यावाचक आहे का’ असे विचारले तर उत्तर होकारार्थी येते. मराठीत काम करणाऱ्या माणसाला हा फरक माहीत असलाच पाहिजे. आपल्या केंद्रांवरच्या नोंदींत दोन्ही प्रकारचे अंक येणार असतील तर रूपांतराची पायरी आपणच, उघडपणे, लिहायची असते.

त्याहून फसवी गोष्ट फाइलच्या पहिल्याच ओळीत असते. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली मूल्ये) म्हणून जतन केलेल्या फाइलच्या आरंभी बीओएम हे अदृश्य चिन्ह येते. युनिकोडच्या लेखी ती मोकळी जागा नव्हे, त्यामुळे ट्रिम त्याला हात लावत नाही. शीर्षकाची ओळ नसेल तर पडद्यावर बिनचूक दिसणारा पहिला सभासद क्रमांक ‘अवैध अंक’ म्हणून नाकारला जातो. रस्टच्या प्रमाण ग्रंथालयाचा (भाषेसोबतच येणाऱ्या तयार कोडच्या संग्रहाचा) पूर्णांकाचा एरर इथे ओळ, रकाना किंवा मूळ मजकूर यांपैकी काहीच सांगत नाही. पायथनचा संदेश निदान न वाचता आलेला मजकूर तरी दाखवतो, एवढे त्याच्या बाजूने कबूल केले पाहिजे. म्हणूनच स्वतःच्या एररमध्ये ओळ क्रमांक, रकान्याचे नाव आणि मूळ मजकूर ही तीन क्षेत्रे ठेवावी लागतात. तो मजकूर डीबग स्वरूपात, म्हणजे अदृश्य चिन्हेही दिसतील असा, छापला की बीओएम लगेच उघडे पडते. ज्याला सोपस्कार म्हटले जाते तो हाच भाग आहे, आणि रात्री फाइल अडली की हाती धरायला तेवढाच असतो.

इथे रस्टच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही एक समजूत दुरुस्त करणे भाग आहे. पार्स यशस्वी झाले म्हणजे मूल्य बरोबर, असे नाही. ‘नॅन’ म्हणजे ‘संख्या नव्हे’ असे सांगणारी तीन रोमन अक्षरे फॅटच्या रकान्यात आली, तर एफ६४ (दशांश संख्यांचा प्रकार) म्हणून ती विनातक्रार पार्स होतात. पुढे ‘फॅट ३.५ पेक्षा कमी असेल तर नाकारा’ अशी तपासणी असली तरी नॅनची कोणतीही लहान-मोठी तुलना खोटीच ठरत असल्याने ती ओळ तपासणीतून सुटते आणि शेवटी संपूर्ण बेरीजच नॅन होते. यावर उपाय म्हणजे फॅटसाठी वेगळा प्रकार करणे, आणि मूल्य सान्त व शक्य मर्यादेतले असल्याशिवाय तो प्रकार तयारच होऊ न देणे. तसेच मोठ्या पूर्णांकाला लहान प्रकारात बसवताना ‘अ‍ॅझ’ हा थेट रूपांतराचा शब्द वापरू नये: ३०० चे यू८ (० ते २५५ हेच पूर्णांक मावणारा प्रकार) मध्ये असे रूपांतर केले तर गुपचूप ४४ हाती येतात, तर तोच आकडा मजकुरातून पार्स केला तर ओव्हरफ्लोचा स्पष्ट एरर मिळतो.

आता अनरॅप. घरच्या घरी एकदाच चालवायच्या प्रोग्राममध्ये किंवा चाचण्यांमध्ये ते लिहायला माझी हरकत नाही. पण ‘खराब माहिती क्वचितच येते’ या भरवशावर ते सेवेत ठेवणे म्हणजे काय, हे १८ नोव्हेंबर २०२५ रोजी जगाने पाहिले. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या डेटाबेसमधील परवानग्यांच्या एका बदलामुळे बॉट, म्हणजे स्वयंचलित प्रोग्राम, ओळखणाऱ्या यंत्रणेच्या फाइलमध्ये दुबार नोंदी आल्या, नोंदींची संख्या २०० या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, आणि ती फाइल वाचणाऱ्या रस्ट कोडमधल्या अनरॅपने पॅनिक केले, म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद पाडला. कंपनीने स्वतःच हे कारण तपशीलवार प्रसिद्ध केले. ती फाइल बाहेरच्या कोणा अनोळखी माणसाने पाठवलेली नव्हती, त्यांच्याच यंत्रणेने तयार केलेली होती. ‘आमची माहिती आमच्याच प्रोग्राममधून येते’ हा अनरॅपच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद त्या दिवशी टिकला नाही. मर्यादा ओलांडल्याचा एरर परत पाठवून जुनीच फाइल वापरात ठेवणे हा पर्याय रस्टच्या प्रकारांनी समोर ठेवलेलाच असतो. अनरॅप लिहिणारा तो स्वतःहून झिडकारतो.

राहिली खराब ओळ गाळण्याची गोष्ट, जी मला सर्वांत जास्त टोचते. फाइलच्या ओळींवर फ्लॅटन (फक्त यशस्वी मूल्ये पुढे जाऊ देणारी पद्धत) लावले की एरर अलगद नाहीसे होतात आणि कोड फार सुबक दिसतो. त्यात एक तांत्रिक सापळा आहे: लिनक्सवर चुकून फाइलऐवजी फोल्डर उघडला गेला तर प्रत्येक वाचनाला एररच येतो, तो गाळला जातो, आणि लूप कधीच संपत नाही, क्लिपी हे रस्टचा कोड तपासणारे साधन याबद्दल खास इशारा देते. पण सापळ्यापेक्षा मोठा प्रश्न त्या गाळलेल्या ओळीचा आहे. ती ओळ म्हणजे कोणीतरी पहाटे धार काढून केंद्रावर आणून घातलेले साडेबारा लिटर दूध असते. ती गाळली तर प्रोग्राम यशस्वी, बेरीज जुळलेली आणि बिल मात्र कमी. सगळ्या ओळींचे पार्सिंग एका रिझल्टमध्ये (यश किंवा एरर यांपैकी एक धरणाऱ्या प्रकारात) गोळा केले तर पहिल्या एररला काम थांबते, जे अशा फाइलला फार कडक होते. त्याऐवजी चांगल्या ओळी एका व्हेक्टरमध्ये (यादीत) आणि एरर दुसऱ्यात, असे दोन ढीग करावेत. हे काम साध्या मॅचने (यश की एरर यानुसार शाखा निवडणाऱ्या रचनेने) आठ-दहा ओळींत होते. मग दुसरा ढीग छापला की ‘ओळ २१३, रकाना फॅट, मजकूर रिकामा’ असा कागद केंद्राच्या सचिवाच्या हातात पडतो, आणि बिल निघण्याआधी त्या सभासदाला विचारून नोंद दुरुस्त करता येते.