हिशेब तपासणारा निवडून आला तर

परवा आमच्या सोसायटीच्या सभेत एकाने सुचवलं, "बाहेरचा ऑडिटर वर्षातून एकदा तोंड दाखवतो. आतले हिशेब तपासायला आपल्यातलाच एक जण मतदानाने निवडू या." टाळ्या पडल्या. मला मात्र इलिनॉय आठवलं.

अमेरिकेच्या या राज्यात 'ऑडिटर ऑफ पब्लिक अकाउंट्स' लोकांच्या मतांवर निवडून यायचा. नाव ऑडिटर, पण सरकारी देणी चुकवणारे वॉरंट, म्हणजे चेकच समजा, त्याच्याच कचेरीतून निघत. वर राज्यातल्या बँकांवर देखरेखही त्याचीच!

या खुर्चीने तमाशे काही कमी पाहिले नाहीत. 1842 मध्ये, म्हणजे हे पद लोकांच्या मतांवर भरायला लागण्याच्या आधी, जेम्स शील्ड्स ऑडिटर होता. बुडत्या स्टेट बँकेच्या नोटा कर भरायला चालणार नाहीत, असं त्याने जाहीर केलं. एका तरुण वकिलाने खेडवळ बाईच्या नावाने पेपरात पत्र लिहून त्याची टर उडवली. शील्ड्सने थेट द्वंद्वाचं आव्हान दिलं. दोघं तलवारी घेऊन मिसिसिपी नदीतल्या बेटावर पोचले. मित्रांनी मध्ये पडून मिटवलं म्हणून बरं. तो वकील म्हणजे अब्राहम लिंकन.

पण खरा प्रताप ऑर्व्हिल हॉजचा. 1952 मध्ये ऑडिटर म्हणून निवडून आला. दिलदार, माणसं जोडणारा. पुढचा गव्हर्नर म्हणून नाव घेतलं जायचं. 1956 मध्ये 'शिकागो डेली न्यूज'ने त्याला उघडं पाडलं. ज्यांच्या नावाने वॉरंट निघाले, त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. 15 लाख डॉलरच्या वर रक्कम त्याच्या खिशात गेली. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात, याने तळंच उपसलं. तुरुंगात गेला, पेपरला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

लोकांनी निवडला म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. पैसे देणारा आणि तपासणारा हात एकच होता, घोळ तिथे होता. 1970 च्या राज्यघटनेने हे पदच मोडलं. पैसे चुकते करायला निवडून आलेला कंट्रोलर आणि तपासायला विधिमंडळाने 10 वर्षांसाठी नेमलेला ऑडिटर जनरल, अशी वाटणी केली.

आपल्याकडे कॅगची, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकाची, नेमणूक राष्ट्रपती करतात, मतदान नाही. 1976 मध्ये केंद्राचे हिशेब ठेवण्याचं काम कॅगकडून काढून घेतलं. पण महाराष्ट्राचे हिशेब जुळवणारं महालेखाकार कार्यालय आणि ते तपासणारं कार्यालय, दोन्ही आजही कॅगच्याच हाताखाली आहेत. मला हे खटकतं.

असो. सभेत मी उठून एवढंच विचारलं, "आपल्या चेकवर सही कोणाची? आणि व्हाउचर कोण तपासतं?" दोन्हीला उत्तर एकच आलं: खजिनदार. तेवढ्यात चहा आला आणि विषय पुढच्या सभेवर गेला.